उघड्या कारभाराचं झाकण

जावई आणि मंत्री या दोघांत फारसा फरक नसतो. दोघंही घरात शिरतात तेव्हा गळ्यात हार पडतात, दोघांनाही घरातली सर्वांत उंच पाठीची खुर्ची मिळते, दोघांच्याही प्रत्येक वाक्यावर 'हो हो, अगदी बरोबर' असं म्हटलं जातं, आणि कोठीच्या खोलीची किल्ली कुठल्या खुंटीला टांगलेली असते हे दोघांनाही शेवटपर्यंत कळत नाही. जावयाला हे पहिल्या दिवाळसणालाच उमगतं. तो शहाणा असला तर मुकाट्यानं अनारसे खातो, अंगठी बोटात घालतो आणि आपल्या घरी जातो. मंत्र्याची पंचाईत अशी, की ते घर आपलंच आहे असं त्याला वाटत असतं.

हा गैरसमज दूर व्हायला किती वेळ लागतो? इंग्रजांनी याचा हिशोब २५ फेब्रुवारी १९८० च्या सोमवारी रात्री बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर जाहीर केला. अर्धा तास लागतो. त्या रात्री 'येस मिनिस्टर' नावाच्या नव्या विनोदी मालिकेचा पहिला भाग लागला. भागाचं नाव होतं 'ओपन गव्हर्नमेंट', म्हणजे आपल्या भाषेत 'खुला कारभार'.

कामाच्या जागी घडणारी विनोदी मालिका हा प्रकार तिकडे काही नवा नव्हता. मोठ्या दुकानात घडणारी 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' १९७२ सालापासून होती. हॉटेलात घडणारी 'फॉल्टी टॉवर्स' १९७५ साली येऊन लोकांच्या फासळ्या दुखवून गेली होती. पण दुकानात गिऱ्हाईक असतं, हॉटेलात उतारू असतो, त्यांची गंमत करता येते. सरकारी खात्यात काय असतं? फाइल! फाइल काही केळ्याच्या सालीवरून घसरून पडत नाही. चुकून दुसऱ्याच्या बायकोच्या खोलीत शिरत नाही. या नव्या मालिकेत तीन पुरुषमाणसं एका खोलीत उभी राहून सभ्यपणे बोलतात, आणि समोरचे प्रेक्षक पोट धरून हसतात. असला विनोद चालेल असं वाटायलासुद्धा धाडस लागतं.

चालेल की नाही हे कळायला तसा उशीरच झाला. हा पहिला भाग १९७९ सालीच चित्रित होऊन तयार होता. पण त्या वर्षी तिकडे राजकारणाची हवा तापली. २८ मार्च १९७९ ला कॅलहन यांचं सरकार अविश्वासाच्या ठरावावर ३११ विरुद्ध ३१० असं एका मतानं पडलं. एका मतानं! आमच्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा एखादा काका दार उघडत नाही म्हणून एक मत कमी पडतं, पण त्यानं फार तर पाण्याच्या टाकीचा रंग बदलतो. इथे सरकार गेलं. ३ मेला निवडणूक झाली आणि थॅचरबाई आल्या. या धामधुमीत मंत्र्यांची टिंगल दाखवली तर मतदारांवर परिणाम होईल, म्हणून बीबीसीनं तयार भाग तसाच ठेवून दिला. 'खुला कारभार' नावाचा कार्यक्रम वर्षभर डब्यात बंद होता, ही त्या मालिकेतली पहिली गंमत. ती मात्र लेखकांनी लिहिलेली नाही.

आता त्या अर्ध्या तासात काय होतं ते सांगतो. जिम हॅकर नावाचे एक गृहस्थ बर्मिंगहॅम ईस्ट मतदारसंघातून पुन्हा निवडून येतात. पक्ष कुठला ते मालिकेत अखेरपर्यंत सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नव्हता, कारण हे कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याचं होतं. पक्ष सत्तेवर येतो आणि हॅकरसाहेब घरी टेलिफोनपाशी ठाण मांडून बसतात. पंतप्रधानांचा फोन येणार, म्हणून घरातल्या कुणी टेलिफोनला हात लावायचा नाही! वर्तमानपत्रात निकाल येणार म्हणून पहाटे चारपासून दारात येरझाऱ्या घालणारा मॅट्रिकचा पोरगा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे दृश्य वेगळं समजावून द्यायला नको. बाई वैतागतात. राजकारण्यांच्या बायकांनी वैतागण्याची सोय सगळ्या देशांत सारखीच असावी.

शेवटी फोन येतो, आणि हॅकरला खातं मिळतं: 'प्रशासकीय कामकाज खातं'. म्हणजे कारभाराचा कारभार पाहणारं खातं. हे नाव लेखकांनी रचलेलं असलं तरी अगदी हवेतून काढलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये १९६८ पासून 'सिव्हिल सर्व्हिस डिपार्टमेंट' नावाचं, नोकरशाहीचीच व्यवस्था बघणारं एक खातं खरोखरच होतं. थॅचरबाईंनी ते १९८१ साली मोडीत काढलं.

हॅकरसाहेब खात्यात येतात. त्यांच्या स्वागताला त्यांचे खासगी सचिव बर्नार्ड वूली आणि खात्याचे कायम सचिव सर हम्फ्री ॲपलबी. हॅकरचं काम पॉल एडिंग्टन यांनी केलं, सर हम्फ्रीचं नायजेल हॉथॉर्न यांनी आणि बर्नार्डचं डेरेक फाउल्ड्स यांनी. सर हम्फ्री नव्या मंत्र्याला खात्याची ओळख करून देतात. मी कायम सचिव. बर्नार्ड हे आपले प्रधान खासगी सचिव. मलाही एक प्रधान खासगी सचिव आहेत. माझ्या हाताखाली १० उपसचिव, ८७ अवर सचिव आणि २१९ सहायक सचिव. शिवाय साधे खासगी सचिव आहेत. पंतप्रधान आपल्याला संसदीय सचिव देतील ते वेगळे, आणि आपण स्वतः एक संसदीय खासगी सचिव नेमाल ते आणखी वेगळे. हॅकर बिचारा विचारतो, या सगळ्यांना टंकलेखन येतं का? तर नाही, यांतल्या एकालाही येत नाही. टाइप करतात त्या मिसेस मॅके. त्या सेक्रेटरी आहेत.

हा विनोद ऐकून लंडनचे लोक हसले असतील, पण त्याची खरी गोडी आपल्याला. अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव आणि मुख्य सचिव ही उतरंड ज्या राज्यात आहे, तिथल्या माणसाला हा विनोद वाटतच नाही. तो भूगोल वाटतो.

खुर्चीची गंमतही तशीच. मंत्र्याच्या टेबलामागची खुर्ची फिरती असते. त्यावर बर्नार्ड नम्रपणे सांगतो, की खुर्च्या दोन जातीच्या असतात आणि मंत्रीही त्याच दोन जातींचे: एक चटकन मिटतात आणि दुसरे जागच्या जागी गरगर फिरतात. हे तो मंत्र्याच्या तोंडावर सांगतो आणि मंत्री हसतो. पहिल्या दिवशी सगळेच हसतात.

मग मुद्दा निघतो. हॅकरनं मतदारांना वचन दिलेलं असतं, की आमचा कारभार खुला राहील, जनतेपासून काही दडवणार नाही. तो कंबर कसून, आता हे सचिव लोक आडवे येणार अशा तयारीनं विषय काढतो. आणि सर हम्फ्री काय करतात? विरोध? छे! ते म्हणतात, आमची श्वेतपत्रिका तयारच आहे, साहेब. मसुदे करून ठेवलेत, नावही दिलंय, 'खुला कारभार'. लढायला निघालेल्या माणसाला शत्रूनं दारातच पाट मांडून, रांगोळी घालून जेवायला बसवावं, तशी हॅकरची गत होते. अंगातली वीरश्री ठेवायची कुठे?

पुढे साहेब मंडळींच्या खासगी बैठकीत बर्नार्ड भाबडेपणानं विचारतो, की खुला कारभार खरंच का असू नये? तेव्हा त्याला जे शिकवलं जातं ते आपल्या लोकप्रशासनाच्या पुस्तकांत नाही. 'खुला' आणि 'कारभार' हे दोन शब्द एकत्र नांदूच शकत नाहीत. जी गोष्ट करायची नसते तिच्याबद्दल भरपूर बोलावं. आणि अवघड भाग नेहमी मथळ्यात घालून मोकळं व्हावं, कारण मजकुरापेक्षा तो तिथे कमी नुकसान करतो.

ही मथळ्याची युक्ती ऐकली आणि मला एकदम आपली मुंबई आठवली. नरीमन पॉइंटजवळच्या त्या आपल्या सरकारी इमारतीचं नाव पूर्वी 'सचिवालय' होतं. १९७५ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ते 'मंत्रालय' झालं. लोकशाहीत घर मंत्र्यांचं असावं, सचिवांचं नव्हे, हा विचार उत्तमच होता. शंकररावांना तर कडक शिस्तीमुळे लोक 'हेडमास्तर' म्हणत, तेव्हा हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण पाटी बदलताना आत बसलेल्या एखाद्या सर हम्फ्रीनं फाइलीवर 'सहमत' असा शेरा मारताना किती प्रसन्न चेहरा केला असेल, याची कल्पना करून पाहा. पाटी मंत्र्यांची झाली. आवक-जावक बारनिशी होती तिथेच राहिली.

पण गोष्टीकडे वळू. हॅकरचा एक राजकीय सल्लागार असतो, फ्रँक वायझेल. खात्यातले लोक त्याच्या नावाचा उच्चार मुद्दाम असा करतात, की मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका लबाड जनावराची आठवण व्हावी. हा वायझेल खात्याच्या कागदांत नाक खुपसतो आणि त्याला एक सौदा सापडतो. खात्यानं संगणकाचे पडदे मागवलेत, आणि तेही अमेरिकेतून! तेच पडदे हॅकरच्या स्वतःच्या मतदारसंघात तयार होत असताना! झालं. खुल्या कारभाराला आयतं उदाहरण मिळालं. सर हम्फ्री एक-दोनदा, अगदी जपून, सुचवून पाहतात की हे उघड न केलेलं बरं. जितकं सुचवतात तितका मंत्री पेटतो. तो भाषण ठोकतो आणि भाषणाची प्रत वर्तमानपत्रांना पाठवायला सांगतो.

आणि मग कळतं, की पंतप्रधान अमेरिकेबरोबर एक मोठा व्यापारी करार करायच्या बेतात आहेत. हा सौदा त्यातलाच एक धागा. भाषण छापून आलं की करार बोंबलला, आणि त्याबरोबर हॅकरचं मंत्रिपदही. नव्या मंत्र्याला घाम फुटतो. अजून खुर्ची नीट गरम झालेली नाही तोच उठायची वेळ! तेवढ्यात सर हम्फ्री मान खाली घालून कबुली देतात: माफ करा साहेब, आमच्याकडून जरा दिरंगाई झाली. आपलं भाषण आम्ही नियमाप्रमाणे आधी वरून मंजुरी घ्यायला पाठवलं, त्यामुळे ते वर्तमानपत्रांकडे गेलंच नाही.

हॅकरला इतका आनंद होतो म्हणता! भाषण गेलं नाही! कुणालाच काही कळणार नाही! जनतेपासून काही दडवणार नाही असं सांगून निवडून आलेला माणूस, आपलंच बोलणं जनतेपासून दडवलं गेलं म्हणून सचिवाचे आभार मानतो. मालिकेचे बहुतेक भाग ज्या दोन शब्दांवर संपतात, ते 'येस, मिनिस्टर' हे शब्द म्हणजे सासूबाईंनी जावयाच्या ताटात वाढलेला आग्रहाचा लाडू असतो.

मी हा भाग पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लोक म्हणतात, यात सचिव जिंकतो आणि मंत्री हरतो. मला तसं वाटत नाही. त्या खोलीतले तिघंही शेवटी खूश असतात. सर हम्फ्रीचं खातं वाचलं, हॅकरची खुर्ची वाचली, बर्नार्डची दोन्हीकडची मर्जी वाचली. हरला तो त्या खोलीत नव्हताच. तो बाहेर, दाराच्या दुसऱ्या बाजूला, बाकावर आपला नंबर यायची वाट पाहत बसलाय. झाकण सचिव लावतो हे खरं, पण ते लागल्यावर आतल्या सगळ्यांनाच ऊब येते. बाहेर असताना 'उघडा, उघडा' म्हणून ओरडणारा माणूस आत गेला, की 'जरा दार लोटून घ्या हो, वारा लागतो' म्हणतो.

हे लेखकांच्या मनात आलं कुठून? मालिका लिहिली दोघांनी, अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी. जे हे बीबीसीत मुरलेले गृहस्थ. पुढे त्यांनी नटवर्य जॉन क्लीझ वगैरेंबरोबर कचेऱ्यांतल्या लोकांना कामाचं शिक्षण देणाऱ्या फिल्मांची कंपनी काढली होती. सभा कशी घेऊ नये यावर त्यांची एक फिल्मच आहे. पण या मालिकेचं बी ज्या गोष्टीतून पडलं असं जे सांगत, ती हसण्यासारखी नाही.

९ मार्च १९५० ला लंडनमध्ये टिमथी एव्हन्स नावाच्या २५ वर्षांच्या तरुणाला फाशी दिलं. आरोप होता स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाचा. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा, त्याच घरात खाली राहणारा ख्रिस्टी हाच अनेक बायकांचा खुनी निघाला, आणि १९५३ साली तो फासावर गेला. मग लोकांच्या मनात आलं, की एव्हन्सचं काय? पुन्हा चौकशीची मागणी सुरू झाली. तिला मोठ्या तळमळीनं पाठिंबा देणाऱ्यांत विरोधी पक्षाचे सर फ्रँक सॉस्किस होते. पुढे त्यांचा पक्ष सत्तेवर आला, सॉस्किस स्वतःच गृहमंत्री झाले, आणि १९६५ च्या सुरुवातीला तीच मागणी त्यांच्या टेबलावर आली. त्यांनी ती नाकारली! जे यांना प्रश्न पडला, की माणूस तोच, मागणी तीच, मग मधल्या काळात त्या खोलीत झालं तरी काय? पुढे ओरड वाढली, त्याच वर्षी चौकशी नेमावी लागली आणि १९६६ साली एव्हन्सला माफी मिळाली. तोवर त्याला जाऊन १६ वर्षं झाली होती. त्याच्या म्हाताऱ्या आईला ती माफी पाहायला मिळाली, एवढंच.

हीच गोष्ट लेखकांनी पुढे १९८१ साली दुसऱ्या मोसमात जवळजवळ जशीच्या तशी वापरली. हॅकरनं विरोधी पक्षात असताना पाठीराखेपण केलेला सह्यांचा अर्ज तो मंत्री झाल्यावर त्याच्यासमोर येतो. तो म्हणतो, फाडून टाका, पुन्हा कुणाला सापडता कामा नये. त्यावर बर्नार्ड नम्रपणे सुचवतो, की तसं असेल तर आपण तो फाइलला लावलेला बरा. हे ऐकून मी मोठ्यानं हसलो, आणि मग एव्हन्सची आई आठवली आणि हसू जरा घशात अडकलं.

दुसरा माल मिळाला रिचर्ड क्रॉसमन यांच्या रोजनिशीतून. क्रॉसमन १९६४ साली ब्रिटनचे गृहनिर्माण मंत्री झाले. हा विद्वान माणूस रोज काय घडलं ते लिहून ठेवी. मंत्र्याच्या दालनाला त्यांनी वेड्यांना इजा होऊ नये म्हणून गाद्या लावलेल्या कोठडीची उपमा दिली आहे. मालिकेचं नावही त्या रोजनिशीत सापडतं. १९७४ साली क्रॉसमन वारले आणि रोजनिशी छापायची ठरली, तर सरकार छपाई थांबवायला कोर्टात गेलं! १९७५ साली कोर्टानं सरकारचं म्हणणं फेटाळलं, पुस्तक आलं, आणि दोन लेखकांना घरबसल्या मंत्रिमंडळाच्या आतली हकीगत मिळाली. सरकारनं एवढा आटापिटा केला नसता तर कदाचित इतक्या लोकांनी ती जाडजूड पुस्तकं उघडलीही नसती.

पण सर हम्फ्रीचं मूळ शोधायला आणखी मागे जावं लागतं, आणि तिथे एक मजा आहे. सर हम्फ्रीचं आजोळ आपल्याकडे आहे! 'सिव्हिल सर्व्हिस' हा शब्दच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातून रूढ झाला. लष्करातले नव्हेत ते 'सिव्हिल' चाकर. या कंपनीच्या चाकरीत चार्ल्स ट्रेव्हेलियन नावाचे साहेब हिंदुस्थानात आले, इथेच त्यांनी मेकॉलेच्या बहिणीशी लग्न केलं, आणि परत गेल्यावर नॉर्थकोट यांच्याबरोबर तो प्रसिद्ध अहवाल लिहिला. १८५४ साली आलेल्या त्या अहवालानं सांगितलं, की नोकऱ्या वशिल्यानं न देता परीक्षा घेऊन द्या आणि सरकार बदललं तरी अधिकारी कायम ठेवा. त्याच वर्षी मेव्हण्यांनी, म्हणजे मेकॉलेंनी, हिंदुस्थानातल्या नोकऱ्यांसाठी तसाच अहवाल दिला, आणि १८५५ साली पहिली परीक्षा झालीसुद्धा. खुद्द इंग्लंडात ती पद्धत सर्रास लागू व्हायला १८७० साल उजाडलं. म्हणजे औषध आधी आपल्याला पाजून पाहिलं, आपण मेलो नाही असं दिसल्यावर मग साहेबानं घेतलं.

आणि औषध वाईट होतं असं कोण म्हणेल? वशिल्याच्या तट्टांपेक्षा परीक्षेचे घोडे केव्हाही बरे. मंत्री येतात आणि जातात, पण रेशनचं धान्य आणि पेन्शनचा चेक वेळेवर जायचा तर कुणीतरी कायम बसलेला हवाच. सर हम्फ्री हा काही खलनायक नव्हे. तो फक्त इतका कायम आहे, की भाडेकरू आणि घरमालक यांतला फरक हळूहळू पुसला गेलाय.

मालिका लागली आणि मंत्रीच ती सगळ्यांत आवडीनं पाहू लागले. थॅचरबाईंना तर ती इतकी आवडली, की जानेवारी १९८४ मध्ये एका बक्षीस समारंभात त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्न या दोघांना बरोबर घेऊन, त्याच धर्तीचा एक छोटा प्रवेश स्वतः करून दाखवला. दोघा नटांच्या ते फारसं मनात नव्हतं, पण पंतप्रधानांपुढे नाही कोण म्हणणार? तिथेही 'येस' आलंच. आभार मानताना जोनाथन लिन यांनी, बाईंनी विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपली योग्य जागा घेतल्याबद्दल त्यांचेही आभार मानले. सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला पडला.

पण खरी मौज पुढेच आहे. त्या पहिल्या भागातला मथळा गेली कित्येक वर्षं ब्रिटनमध्ये आपोआप चालतोय. १९११ साली सरकारी गुपितांचा कडक कायदा तिकडच्या लोकसभेनं एका दुपारी उरकला होता. तो सैल करावा अशी मागणी सुरू झाली, तेव्हा कॅलहन सरकारनं मार्च १९७९ मध्ये, पडायच्या थोडं आधी, एक पत्रिका काढली. तिचं नाव 'खुला कारभार'. पुढे १९९३ साली जॉन मेजर यांच्या सरकारनं श्वेतपत्रिका काढली. तिचंही नाव 'खुला कारभार'! मालिकेच्या पहिल्या मोसमातल्या सहाव्या भागाचं नाव आहे 'जाणण्याचा हक्क'. १९९७ साली टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं माहितीच्या कायद्याची श्वेतपत्रिका काढली, तिचं नाव 'तुमचा जाणण्याचा हक्क'. तेवढा 'तुमचा' हा शब्द मात्र त्यांचा स्वतःचा.

ब्लेअर यांनी २००० साली कायदा केला खरा. तो पूर्णपणे लागू व्हायला २००५ ची १ जानेवारी उजाडली. आणि २०१० साली निघालेल्या आत्मचरित्रात याच ब्लेअर यांनी, असला कायदा केल्याबद्दल स्वतःलाच मूर्ख, भोळसट वगैरे शेलक्या शब्दांत झोडपून काढलंय. हॅकरला जे शिकायला अर्धा तास लागला, ते शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. खऱ्या आयुष्यात मध्ये जाहिराती फार असतात.

आपल्याकडे २००१ साली 'जी मंत्रीजी' या नावानं या मालिकेचा हिंदी अवतार आला. फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. भाषांतराला फार कष्ट पडले नसावेत. सर हम्फ्री आजोळी आला होता, एवढंच. खुल्या कारभाराची आपली गोष्ट मात्र वेगळ्या वाटेनं गेली. आपल्यालाही साहेबानं १९२३ सालचा गुपितांचा कायदा ठेवून दिला होता आणि तो आपण जपून ठेवला. पण तो भेदायला सुरुवात मंत्र्यांनी केली नाही. राजस्थानातल्या खेड्यांत मजुरांनी आपल्या मजुरीचा हिशोब दाखवा म्हणून धरणं धरलं. त्यांच्याबरोबरच्या अरुणा रॉय या मुळात आयएएस अधिकारी, १९७५ साली नोकरी सोडून बाहेर पडलेल्या. म्हणजे आतली व्यक्ती बाहेर येऊन दार ठोठावू लागली, तेव्हा दार हललं. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे उपोषणाला बसले आणि २००२ चा कायदा आला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून सगळ्या देशाला माहितीचा अधिकार मिळाला. दहा रुपये, तीस दिवस. लगेच २००६ साली फाइलीवरच्या टिपण्या यातून वगळण्याचा घाट दिल्लीत घातला गेला. लोकांनी गिल्ला केला तेव्हा तो बेत बारगळला. टिपण्या वाचल्या! आता कुठल्या कागदावर कुणी काय शेरा मारला ते रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल, अशी आम्हा सर्वांची समजूत झाली.

त्याच समजुतीवर मीही एक अर्ज ठोकला. आमच्या गल्लीतला रस्ता एका वर्षात तीनदा खणला, तीनदा बुजवला. का खणला, हे जाणून घेण्याचा माझा हक्क होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवला आणि अर्ज एका कार्यालयात दिला. बरोबर तिसाव्या दिवशी पत्र आलं: सोयीनुसार येऊन कागदपत्रांचे अवलोकन करावे. गेलो. बाबूनं खुर्ची दिली. चहा सांगितला. जावयासारखं बसवलं आणि अख्खी फाइल समोर ठेवली. मी एकेक पान उलटू लागलो. पहिल्या पानावर 'सादर'. दुसऱ्यावर 'चर्चा करावी'. तिसऱ्यावर 'चर्चा केली'. चौथ्यावर 'चर्चेनुसार मान्य'. खाली तीन सह्या, तीन शिक्के, तीन तारखा. चर्चा कोणती, कशाची, कुणी कुणाला काय सांगितलं, त्याचा एक शब्द नाही. फाइल उघडी झाली, तेव्हा सर हम्फ्री फाइलीतून उठून शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

"काका, सगळं दाखवलंय हं तुम्हाला," बाबू म्हणाला. "काही लपवलं नाही."

खरंच लपवलं नव्हतं. चहाही बरा होता. निघताना त्यानं रजिस्टर पुढे केलं आणि बोटानं रकाना दाखवला. मी सही करायला वाकलो, तर माझ्या नावापुढे ओळ आधीच छापून ठेवलेली होती: 'कागदपत्रे पाहिली, समाधान झाले.'